जुनी मस्टँग विकायची असेल तर आधी फाइल काढा, फोटो नंतर

मे महिन्यात मी माझी १९६६ ची फोर्ड मस्टँग विकली, तेरा वर्षं सांभाळलेली, आणि तेव्हापासून इथल्या न्यू जर्सीतल्याच चार-पाच मराठी मित्रांनी विचारलं की कशी विकलीस, कुणाला विकलीस, पैसे नीट आले का. एकाकडे कॅमेरो आहे, एकाकडे सासऱ्यांनी ठेवलेली इम्पाला आहे, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू. उदाहरणं मस्टँगचीच येतील कारण मला तीच गाडी आतून-बाहेरून माहिती आहे, पण बरंचसं बाकीच्या जुन्या अमेरिकन गाड्यांनाही लागू पडेल.

आपण गाडी जिवापाड जपलेली असते त्यामुळे आपल्याला वाटतं की गाडी चमकते, हाफ टर्नला चालू होते, अजून काय पाहिजे. पण घेणाऱ्याला ती तेरा वर्षं दिसत नाहीत हो. त्याला समोर फक्त एक पांढरी गाडी दिसते आणि मनात एकच भीती असते की या पेंटखाली काय दडलंय. विकणाऱ्याचं सगळं काम म्हणजे ती भीती घालवणं, आणि ती बोलून जात नाही, कागदांनी जाते, आणि गाडीतले दोष त्याने शोधायच्या आधी आपणच सांगितले की जाते.

सुरुवात नंबरापासून करा. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला मडगार्डच्या कडेला एक खाच आहे, तिथून आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर दिसतो. माझ्या गाडीचा सुरू व्हायचा सहा, टी, शून्य सात, सी असा. सहा म्हणजे १९६६, टी म्हणजे मेटचन प्लँट, शून्य सात म्हणजे हार्डटॉप, पक्क्या छताची (शून्य आठ उघडणाऱ्या छताची कन्व्हर्टिबल, शून्य नऊ मागे उतरत्या छताची फास्टबॅक), आणि सी म्हणजे २८९ क्युबिक इंचाचं व्ही-एट, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरवालं, २०० हॉर्सपॉवरचं. टी च्या जागी एफ असेल तर डिअरबॉर्न, आर असेल तर सॅन होजे. घोळ इतकाच होतो की इंजिनच्या जागी पण टी येऊ शकतो आणि तिथे त्याचा अर्थ सहा सिलिंडरचं इंजिन, त्यामुळे कुठला टी कुठे आहे ते बघून लिहा. आणि हा मेटचन प्लँट म्हणजे खरं तर आपल्या एडिसनमध्येच होता, रूट वन वर, २००४ मध्ये बंद झाला, आता तिथे दुकानं आहेत. ज्या गावात आपण ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला जातो त्याच गावात माझी गाडी बनली होती हे मला गाडी घेतल्यावर वर्षभराने कळलं आणि त्या दिवसापासून ती मला जास्तच आपली वाटायला लागली. लिस्टिंगमध्ये मी हे पहिल्या परिच्छेदात लिहिलं आणि विचारायला आलेल्यांपैकी निम्मे लोक त्यावरच बोलले.

मडगार्डजवळचा नंबर, दाराच्या कडेवरची प्लेट आणि टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा नंबर, हे तिन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा, आणि हे घेणारा यायच्या महिनाभर आधी करा. जुन्या टायटलांवर टाइप करणाऱ्याने शून्याचा ओ केलेला असतो, कधी एखादा आकडाच गळलेला असतो, आणि ते दुरुस्त करून घ्यायला वेळ लागतो. दार कधीकाळी बदललेलं असेल तर दाराची प्लेट दुसऱ्याच गाडीची निघू शकते, तसं असेल तर तसं सांगा. त्या प्लेटवर रंगाचा कोडही असतो, माझ्यावर एम होता म्हणजे विम्बल्डन व्हाइट, आणि गाडी आजही त्याच रंगात आहे, ही सांगण्यासारखी गोष्ट आहे कारण मूळ रंग बदललेल्या गाडीला लोक नाक मुरडतात.

इथेच एक सांगून ठेवतो, ‘नंबर्स मॅचिंग’ (म्हणजे इंजिन मूळचंच, त्यावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो) हे शब्द उगीच वापरू नका. १९६६ च्या मस्टँगमध्ये के कोडचं हाय परफॉर्मन्स इंजिन सोडलं तर इंजिनवर गाडीचा नंबर ठोकलेलाच नसायचा, सगळ्या गाड्यांवर तो १९६८ पासून यायला लागला. म्हणजे माझ्यासारख्या सी कोडवाल्याला फार तर इतकंच म्हणता येतं की ब्लॉकवरचा ओतकामाचा तारखेचा कोड गाडीच्या तारखेशी जुळतो. जाणकार माणूस हे दोन शब्द वाचतो आणि ठरवतो की या विकणाऱ्याला एकतर माहिती नाही किंवा हा थापा मारतोय. मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून गाडी मुळात कशी बनली होती ते सांगणारा कागद, तो पण बरेच जण मागतात, तो फोर्डसाठी १९६७ पासूनच्या गाड्यांचा मिळतो, त्यामुळे ६५-६६ वाल्यांनी शोधत बसू नका. पॉन्टिअ‍ॅक असेल तर पीएचएस म्हणजे पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याची कागदपत्रं मागवता येतात, ती जरूर मागवा.

आता फाइल. पावत्या टाकून दिल्या असतील तर आजपासून गोळा करायला लागा, ज्या गॅरेजमध्ये काम केलंय तिथे जाऊन जुन्या बिलांच्या कॉप्या मागा, क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमधून तारखा काढा. माझ्याकडे एक मोठी बॉक्स फाइल होती, त्यात रेडिएटर, कार्ब्युरेटर रिबिल्ड, पेट्रोलची टाकी, टायर, सगळ्याची बिलं तारखेप्रमाणे, आणि वर एक पानाची यादी, कुठल्या वर्षी मीटरवर किती मैल असताना काय केलं. सगळ्यात कामाला आले ते मात्र दसऱ्याचे फोटो. दर दसऱ्याला आम्ही गाडी धुवून ड्राइव्हवेवर काढायचो, झेंडूचा हार घालायचो, नारळ वाढवायचो आणि मुलीला शेजारी उभं करून एक फोटो. तेरा फोटो, तारखेसकट, त्याच जागेवरून काढलेले. जो माणूस गाडी घेऊन गेला त्याने ते टेबलावर ओळीने मांडले आणि प्रत्येकात दाराच्या खालची कड आणि मागच्या चाकावरचा पत्रा बघत गेला, कुठे फुगवटा आला का, कुठे रंगाचा शेड बदलला का. पहिला फोटो २०१२ चा होता, त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि पाच दिवसांनी सँडी वादळ आलं. न्यू जर्सीतली गाडी म्हटलं की सँडीच्या पाण्यात होती का हा प्रश्न येतोच, तयार राहा, गाडी तेव्हा कुठे उभी होती ते सरळ सांगा. बाकी ज्या फोटोत बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं आहे ते लिस्टिंगला टाकू नका, इथे त्याचा अर्थ भलताच लागतो आणि समजावत बसायला तिथे जागा नसते.

गंजाबद्दल. या गाड्यांना चासी वेगळी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो, त्यामुळे गंज हाच सगळ्यात मोठा प्रश्न. विंडशील्डच्या खाली जाळी असते, काउल म्हणतात त्याला, तिथून हवा आत जाते आणि पावसाचं पाणी बाजूने खाली निघून जातं. आतून ते गंजलं की पाणी थेट पायाखालच्या कार्पेटवर येतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जाणकार माणूस ही परीक्षा घेणारच, म्हणून तुम्ही आधी घ्या. कार्पेटची पुढची कड उचला, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरा, आणि जाळीत एका बाजूने सावकाश एक बादली पाणी ओता, मग दुसऱ्या बाजूने. दहा मिनिटांनी कागद बघा. माझ्या गाडीत ड्रायव्हरची बाजू कोरडी होती आणि दुसऱ्या बाजूला तळहाताएवढा ओला डाग आला. मी त्याचा फोटो काढला, आणि लिस्टिंगमध्ये लिहिलं की पॅसेंजर बाजूच्या काउलमधून थोडं पाणी येतं, गाडी पावसात चालवलेली नाही, दुरुस्ती केलेली नाही. बायको म्हणाली कशाला स्वतःहून सांगतोस, पण मी ठेवलं, आणि नंतर ज्याने घेतली तोच म्हणाला की तो डागाचा फोटो बघून मी फोन केला.

बाकीच्या जागा म्हणजे पुढच्या चाकांमागचे टॉर्क बॉक्स, फ्रेम रेल, पायाखालचा पत्रा, डिकीत टाकीच्या दोन्ही बाजूंचे खोलगट भाग, बॅटरीखालचा पत्रा, आणि व्हिनाइलचं छत असेल तर त्याच्या खाली. गॅरेजवाल्याला पन्नास-शंभर डॉलर द्या, गाडी लिफ्टवर घ्या आणि प्रत्येक जागेचा फोटो काढा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथे पकडत नाही तिथे पुट्टी आहे.

आणि विकायच्या तोंडावर गाडीला सजवू नका. हे मी हात जोडून सांगतो कारण चांगल्या चांगल्या गाड्यांची किंमत यात गेलेली बघितली आहे. नवा पेंट मारू नका, खालून काळं अंडरकोटिंग तर अजिबात नको. ताजं काळं कोटिंग दिसलं की घेणारा हमखास धरून चालतो की खाली गंज झाकलाय, मग तो असो वा नसो. धुवा, पॉलिश करा, इंजिनवरची धूळ आणि तेल पुसा, बस. पैसे खर्च करायचेच असतील तर गाडी चालवताना जाणवतं त्यावर करा, म्हणजे ब्रेक, टायर, गळणारं गॅस्केट, न चालणारा पेट्रोलचा काटा. टायर नक्षी चांगली असली तरी तारीख बघा, दहा वर्षांचे टायर म्हणजे घेणारा पैसे कापणारच. ६६ पर्यंत मस्टँगला ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असायचा, म्हणजे एक लाइन फुटली की चारही ब्रेक गेले. मी दोन कप्प्यांचा बसवला होता आणि मूळचा डब्यात जपून ठेवला होता. असे काढलेले मूळ पार्ट गाडीबरोबर द्या, अस्सल प्रेमी माणूस त्या डब्यावर खूश होतो.

किंमत. इथे मनाला आवर घालावा लागतो. १९६६ मध्ये मस्टँग बनल्या ६,०७,५६८, त्यातल्या ४,९९,७५१ हार्डटॉप म्हणजे माझ्यासारख्या, आणि फास्टबॅक फक्त ३५,६९८. त्यामुळे टीव्हीवर लिलावात फास्टबॅक किंवा के कोड गाडी लाखाच्या वर गेलेली बघून आपल्या सी कोड हार्डटॉपला तसं काही मिळेल ही आशा धरू नका. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टी कंपनीचं, किंमत सांगणारं व्हॅल्युएशन टूल बघा, त्यात एक ते चार अशा कंडिशन आहेत. एक नंबर म्हणजे प्रदर्शनात पहिली येणारी, दोन म्हणजे जवळपास तशीच, तीन म्हणजे चांगली, चालवायला छान पण जवळून बघितलं तर खुणा दिसतील, चार म्हणजे काम करावं लागेल अशी. आपल्या प्रेमाच्या गाडीला सगळे दोन नंबर देतात, आणि त्यातल्या बहुतेक तीन नंबरच्या असतात, माझी पण तीनच होती. मग मागितलेल्या नव्हे तर प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या किमती बघा, ऑनलाइन लिलावांचे निकाल सगळ्यांना दिसतात, त्याच वर्षाची, त्याच इंजिनची, त्याच गिअरबॉक्सची पाच-सहा उदाहरणं काढा. मी २६,००० मागितले आणि २४,३०० ला दिली. खर्च केलेले पैसे वसूल होत नाहीत बघा, ते तेरा वर्षं आपण जी चालवली त्यात गेले असं समजा.

कुठे विकायची यावर मी एक चूक केली ती सांगतो. आधी मी एका कन्साइनमेंटवाल्याकडे, म्हणजे दुसऱ्याची गाडी आपल्या शोरूममध्ये ठेवून विकून देणाऱ्याकडे ठेवली, मोठं शोरूम, काचेच्या भिंती, म्हणाला दोन महिन्यांत जाईल. चार महिने तिथे उभी राहिली. माझ्या किमतीवर त्याने स्वतःचे इतके चढवले की फोनच येईनात, आणि मी आणायला गेलो तेव्हा बॅटरी मेलेली, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर झालेला, आणि ड्रायव्हरच्या सीटच्या शिवणीत एक नवी चीर. करारात गाडी दर आठवड्याला चालू करायची, जाहिरातीची किंमत मला विचारूनच ठरवायची, नुकसानीची जबाबदारी कुणाची, यातलं काहीच नव्हतं, मी न वाचता सही केली होती. तुमच्याकडे वेळच नसेल तर कन्साइनमेंट करा, पण या तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नका.

ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलावात गाडीला बघणारे जाणकार असतात, पण तिथे आठवडाभर लोकांच्या प्रश्नांना तासा-दोन तासांत उत्तरं द्यावी लागतात, आणि शेवटच्या मिनिटांत बोली आली की घड्याळ पुढे सरकतं. साधी हार्डटॉप असेल तर हेमिंग्ज (जुन्या गाड्यांच्या जाहिरातींची साइट), फेसबुक मार्केटप्लेस, आणि मस्टँग क्लबची मंडळी पुरे होतात. पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला जे मेळे भरतात तिथे गाडी विक्रीसाठी उभी करायची वेगळी जागा असते, एका दिवसात दोनशे माणसं गाडी बघून जातात आणि त्यातल्या दहा जणांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, किंमत बरोबर लावली आहे का हे तिथे दुपारपर्यंत कळतं. वेळ मात्र एप्रिल ते जूनचीच धरा. आपल्याकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा कुणी टेस्ट ड्राइव्ह घेत नाही आणि घेऊ पण नये.

फोटो शंभर तरी काढा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, रिकाम्या पार्किंगमध्ये, मागे कचऱ्याचे डबे नकोत. प्रत्येक ओरखडा जवळून. आणि थंड इंजिन चालू करतानाचा एक सलग व्हिडिओ, मध्ये न तोडलेला. आधी बॉनेटवर हात ठेवून दाखवा की गार आहे, मग अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल एकदा पूर्ण दाबून सोडा म्हणजे चोक बसतो, मग चावी. माझी दुसऱ्या फेरीला पेटायची, अर्धा मिनिट जोरात चालायची, मग पॅडलला हलकी टिचकी मारली की आवाज खाली बसायचा आणि ते व्ही-एटचं गुरगुरणं सुरू व्हायचं. एक्झॉस्टमधला धूर दिसू दे, तेलाच्या प्रेशरचा काटा दिसू दे. मैलांबद्दल जपून लिहा, मीटर पाच आकडी आहे, ९९,९९९ नंतर परत शून्य. मीटर ४१,००० दाखवतो, खरे मैल सिद्ध करता येत नाहीत, मी यातले ११,००० चालवले, असंच मी लिहिलं होतं.

बघायला येणाऱ्याला यायच्या आधी इंजिन तापवून ठेवू नका, त्याला गारच मिळू दे. त्याचं लायसन्स बघा, पहिल्या फेरीला तुम्ही चालवा, मग त्याला द्या, आणि दुसऱ्याने चालवलेलं तुमच्या इन्शुरन्समध्ये बसतं का ते आधीच फोन करून विचारा. तो मेकॅनिक घेऊन येतो म्हणाला तर आनंदाने हो म्हणा, कॉम्प्रेशन तपासायचं असेल तर आठही प्लग काढू दे. माझ्याकडे आलेला माणूस पाऊण तास टॉर्च घेऊन गाडीखाली होता, मी चहा करून बाहेर आणून ठेवला आणि गप्प बसलो. त्याला हवं ते त्याला बघू दिलं की मग घासाघीस फार होत नाही.

फसवणुकीचे दोन प्रकार नेहमीचे. एक म्हणतो गाडी न बघताच घेतो, जास्त रकमेचा कॅशिअर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला चेक) पाठवतो आणि वरचे पैसे ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवायला सांगतो. बँक चेक जमा करून घेते, पैसे खात्यात दिसतात पण, आणि दोन आठवड्यांनी तो खोटा निघतो. दुसरा म्हणतो अमुक वेबसाइटवरून गाडीचा हिस्ट्री रिपोर्ट काढून द्या, आणि तिथे तुमच्या कार्डाचा नंबर जातो. १७ अक्षरी नंबर १९८१ पासून आले, त्याआधीच्या गाड्यांचे असे रिपोर्ट निघतच नाहीत, त्यामुळे हा प्रश्न आला की फोन ठेवा. पैसे घ्यायचे ते वायरने, म्हणजे थेट बँकेतून बँकेत, किंवा त्याच्या बँकेत त्याच्याबरोबर जाऊन, चेक तुमच्यासमोर काउंटरवर बनू दे. रोख दहा हजारांच्या वर असेल तर बँक सरकारला कळवते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण ते टाळायला रक्कम तुकडे करून भरू नका, तो मात्र गुन्हा आहे.

पैसे खात्यात आले हे बँकेने सांगितल्यावरच टायटलवर सही करा. न्यू जर्सीत टायटलच्या मागे घेणाऱ्याचं नाव, तारीख, किंमत, मीटरचा आकडा लिहून सही, शिवाय वेगळं बिल ऑफ सेल, त्यात ‘आहे त्या स्थितीत विकली’ हे वाक्य आणि सांगितलेले दोष, दोघांच्या सह्या. पेनसिल्व्हेनियाचं टायटल असेल तर सही नोटरीसमोर करावी लागते. गाडी ट्रेलरवर जाणार असेल तर ड्रायव्हरबरोबर फिरून बिल ऑफ लेडिंगवर (वाहतुकीच्या पावतीवर) प्रत्येक ओरखडा लिहून घ्या, आणि टायटल त्याच्या हातात देऊ नका, कुरिअरने वेगळं पाठवा.

नंबर प्लेटा काढून घ्या, जुन्या गाड्यांना मिळणाऱ्या हिस्टॉरिक असल्या तरी, त्या गाडीबरोबर जात नाहीत. आधी प्लेटा मोटर व्हेइकलच्या ऑफिसात जमा करून पावती घ्या आणि मगच इन्शुरन्स बंद करा, उलट केलंत तर प्लेटा तुमच्या नावावर चालू आणि इन्शुरन्स नाही असं दिसतं आणि नोटीस येते. गाडी घेतली त्यापेक्षा जास्तीला गेली असेल तर फायद्यावर टॅक्स आहे, तोट्याची सूट मात्र स्वतःच्या वापरातल्या गाडीवर मिळत नाही, म्हणून फाइल द्यायच्या आधी सगळ्या बिलांच्या कॉप्या स्वतःकडे ठेवा आणि सीएला दाखवा.

शेवटी दोन चाव्या द्यायला विसरू नका, एक दार आणि इग्निशनची, दुसरी डिकीची, मी डिकीची विसरलो होतो आणि दुसऱ्या दिवशी दीड तास गाडी चालवत नेऊन दिली. दसऱ्याचे फोटो मी स्कॅन करून ठेवले आणि मूळचे त्याला दिले, त्याने स्वतःहून मागितले होते.